कुंडीतला वाळा

मोगऱ्याची कुंडी उपसताना बोटाला टोचलं आणि मातीतून काळा साप वळवळत वर आला. "नाग चावला!" मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. मनातल्या मनात तर खांदेकरीही निवडून टाकले.

बायकोने वाकून पाहिलं. "अहो, वाळा आहे हा! गांडुळाएवढा. मुंग्यांची अंडी खातो बिचारा. शेपटीचं टोक टोचलंय तुम्हाला."

गेलेला जीव धावत परत आला. आंधळा, विषाचा थेंब नाही, तरी धरलं की शेपूट टोचून चावल्याचा आव आणतो. माझ्याहून मोठा थापाड्या! असल्या गुणी जिवाला मारतात का? मी त्याच्यावर माती लोटली.

तेवढ्यात शेजारी काठ्या घेऊन आलेच. "कुठाय नाग?"

"कुंपणावरून पळाला," मी म्हणालो. "चांगला सहा हात होता."