सरुबाईची खडी

लोहाऱ्याच्या सहकारी दूध केंद्रात गुलाब वायरमन होता. दूध गार करणारं यंत्र दिवसभर एकाच सुरात घुमायचं. गुलाबनं त्याच सुरावर आपला बेंजो लावला होता. बेंजोला स्वतःच वायर जोडलेली, पुढं फाटका भोंगा. आवाज निघायचा तो जाड, चिरकलेला, थेट पोटात उतरणारा. सोबतीला शांतलिंगचा ढोल आणि गोरोबाची हलगी. तिघं बसले की अर्धा-अर्धा तास एकच चाल घोळवत राहायचे. लग्नात लोक विचारायचे, "वायरमन, गाणं कवा सुरू हुणार? नवरीला लेकरू व्हायच्या आत करा."

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या एका कॅसेटवाल्यानं त्यांची पहिली कॅसेट काढायचं कबूल केलं. पुरी एका तासाची. तिची एक अख्खी बाजू गुलाबनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडतानाच्या आवाजावर बांधलेल्या चालीसाठी राखून ठेवली.

त्या दुष्काळात तो पंधरा वर्षांचा होता. आई सरुबाई खडी केंद्रावर दगड फोडायची, तो पाट्या उचलायचा. कपची उडून आईचा उजवा डोळा गेला. पुढं त्या दिवसांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. गुलाबनं विषय काढला की उठून चुलीपाशी जायची. बोलत नाही तर निदान तिनं ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं.

सोलापूरला जायच्या पंधरा दिवस आधी त्यानं तिला अंगणात बसवलं. शेकडो हातोडे एकदम पडावेत तसे ढोल, हलगी आणि बेंजो एकाच ठोक्यावर पडत होते. सरुबाईनं थोडा वेळ ऐकलं आणि ती उठली.

"काय झालं, माय?"

"असं नव्हतं."

"मग कसं होतं?"

"हातोडे एकदम पडायचे न्हाईत. जिचा तिचा हात. कुणी बोलायली, कुणी लेकराला पाजायली. मुकादम दिसला की मग समद्यांचे एकदम पडायचे. भ्यानं." ती दारात थांबली. "तू काय मुकादमाची खडी वाजवायलास व्हय?"

बारा वर्षांत ती पहिल्यांदाच एवढं बोलली होती.

"इतकी वर्सं ताल धरायला शिकलो," शांतलिंग म्हणाला, "आता सोडायला शिकू म्हन."

"तुजा तसाबी सुटतोच की," गोरोबा म्हणाला.

पण ते अवघड होतं. हात आपोआप दुसऱ्याच्या ठोक्याकडं ओढले जायचे. शेवटी गोरोबानं कानात कापूस घातला. मग जमू लागलं; ठोके एक करायच्या जागी तो गुलाबच्या मानेकडं बघायचा.

सोलापुरात काचेपलीकडून कॅसेटवाल्यानं हात वर केला. "मास्तर, तिघं तीन गावाला चाललात."

"तसंच पाहिजे," गुलाब म्हणाला.

"जुळवून घ्या. असली कॅसेट घेणार कोण?"

"जुळवायचं न्हाय."

"मग ही बाजू सोडा. चार चालू गाणी वाजवा."

गुलाब बेंजोची वायर काढू लागला. शांतलिंगनंही ढोल खांद्याला लावला. गोरोबाला काहीच ऐकू आलं नव्हतं, पण त्यांना पाहून तोही उठला. कॅसेटवाल्यानं घड्याळाकडं बघितलं; खोलीचं भाडं तर भरून झालं होतं. मग म्हणाला, "जोडा परत ती वायर."

कॅसेट हाती आली ती दिवाळीनंतर. गुलाबनं केंद्रातल्या साहेबांचा टेपरेकॉर्डर मागून आणला. सरुबाई सुपात तूर निवडत होती. सुटे ठोके सुरू झाले. ती निवडत राहिली. मग ठोके एकमेकांजवळ आले आणि एक झाले. तिचा हात सुपात थांबला. गुलाबनं टेप बंद करायला बोट पुढं नेलं.

"ऱ्हाऊ दे."

ठोके पुन्हा फुटले. तिचे खांदे खाली आले.

"गेला मुकादम," ती म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "अयोध्या म्हनून एक बाई माझ्या डाव्या अंगाला बसायची. माहेर तामलवाडीचं. तिची तान्ही पोरगी तिथंच झाडाखाली गेली, चैतात. मुकादम हुबा होता म्हनून तिला उठता आलं न्हाई. हातोडा चालूच होता तिचा."

बाजू संपली. टेपचं बटण खटकन वर आलं. सरुबाई सांगतच राहिली. गुलाबनं बटणाला हात लावला नाही.