बोटांच्या बेचक्यात

शेजारच्या सुमनवहिनींनी आईला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. पाय धुवायला त्या परात घेऊन खाली बसल्या, तशी आईने पावलं मागे ओढली.

"राहू दे गं सुमन, चिखल्या झाल्यात."

बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून भेगाळली होती. ही बुरशी ओलाव्यावर जगते. मलम लावा, पण बेचकी कोरडी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर मोरीत उभ्या असलेल्या आईने भांडी पुसली, आमची ओली डोकी पुसली. स्वतःच्या पायांपर्यंत तिचा पंचा कधी पोचलाच नाही.

वहिनींनी एक पाय धुतला, मांडीवर घेतला आणि एकेक बेचकं मऊ पंच्याने हलकेच टिपलं.

मग आईने दुसरा पाय आपणहून पुढे केला.