मालकीणबाईंची पंचविसावी चकती

जोराचा वारा सुटला की शहाणी माणसं खिडक्या लावून घेतात, आमच्या मालकीणबाई बंदूक काढतात. ठाकुर्लीपासून ठाण्यापर्यंत वाऱ्याची अशी वाट बघणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही, आणि खरं सांगायचं तर पाहायची इच्छाही नाही. या एकीनेच माझे अकरा वर्षांचे रविवार संपवले. सकाळी सहाला त्या गच्चीवर जात. दोरीवरची साडी नुसती हलत असली तर खाली येऊन चहा टाकत. साडी आडवी होऊन फडफडत असली तर माझ्या खोलीच्या दारावर थाप पडे, "ए ग्रॅज्युएट, गारी कार." गाडी काढायची म्हणजे त्यांची जुनी मारुती व्हॅन मी चालवायची, मागच्या सीटवर खोळीतली दुनळी बंदूक आडवी ठेवायची आणि मोहने गावाच्या पलीकडे नदीच्या अंगाला जे नेमबाजीचं मैदान आहे तिथे त्यांना न्यायचं. बाकीचे सभासद तेव्हा तिथून परत निघालेले असत. अशा वाऱ्यात चकतीवर नेम धरणं म्हणजे काडतुसं वाया घालवणं, असं त्यांचं मत होतं. माझंही तेच होतं, पण माझं मत कुणी विचारलेलं नव्हतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमिनीतल्या खड्ड्यात एक यंत्र असतं. नेमबाजाने हाक दिली की ते मातीची, तळहाताएवढी नारिंगी चकती हवेत भिरकावतं, आणि ती खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची. वारा समोरून असला तर चकती मध्येच वर उचलली जाते, पाठीमागून असला तर दाबली जाते, आणि झोत फिरता असला तर ती काय करेल ते तिलाही ठाऊक नसतं. मालकीणबाईंना हेच आवडे. "वारा परलेला असला तं चकती पोस्टातल्या पाकिटासारखी सरल जाते," त्या म्हणत, "तिला काय मारायची?" हाक द्यायची तर बाकीचे इंग्रजीत "पुल" म्हणून ओरडत. मालकीणबाई कोंबड्यांना दाणे टाकताना घालतात तशी "ये, ये" अशी साद घालत. साडीवर नवऱ्याचं खाकी जॅकेट, पदर कमरेला घट्ट खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि कानात कापूस. चकती चुकली तर "चुकली" असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही. "वाऱ्यानं खाल्ली," एवढंच. मधल्या सुट्टीत डब्यातून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी निघे, आणि तो वास वाऱ्याबरोबर थेट क्लबच्या कचेरीत पोचे. सेक्रेटरी सभ्य गृहस्थ होते, ते खिडकी लावून घेत.

वाऱ्याचं त्यांचं ज्ञान माहेरचं. माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, मिठागरात राबणारं. कोणत्या वाऱ्याने मीठ लवकर धरतं आणि कोणत्या वाऱ्याने रडतं, हे त्या शाळेआधी शिकल्या, आणि शाळा तशी फारशी झालीच नाही. बंदूक मात्र सासरची. सासऱ्यांच्या भातशेतीत रानडुकरं शिरत, त्यांच्यासाठी घेतलेली. पुढे शेतावर इमारती उभ्या राहिल्या, डुकरं गेली, नवरा गेला, परवाना बाईंच्या नावावर आला. त्याच्या नूतनीकरणाला प्रशिक्षणाचा दाखला लागतो असं सरकारी कचेरीत सांगितलं, म्हणून त्या मैदानावर गेल्या. त्या दिवशी भयंकर वारा होता. दहा चकत्यांपैकी त्यांनी एक फोडली. रांगेतल्या बाकी सगळ्यांनी मिळून एकही फोडली नव्हती. दाखला मिळाला आणि बाई तिथेच राहिल्या.

मी नेमका त्याच सुमारास परभणीकडून आलो. हातात बी.कॉम.ची पदवी आणि नोकरीचं पत्र. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. डोंबिवलीत सात ठिकाणी खोली पाहिली, सातही ठिकाणी आधी आडनाव विचारलं आणि मग "कळवतो" म्हणाले. मालकीणबाईंनी विचारलं, "झोपेत बरबरतोस का? माजी झोप हलकी हाय." नाही म्हटलं. मग विचारलं, "गारी चालवतोस?" हो म्हटलं आणि किल्ली हातात आली, खोलीची आणि व्हॅनचीही. म्हणून मी रविवारी कधी कुरकुर केली नाही. डोळ्यात धूळ, कानात दडे, सोमवारी कामावर डुलक्या, हे सगळं मुकाट्याने चालू होतं. माझं अक्षर बरं म्हणून क्लबने मला गुण लिहायलाही बसवलं. पंचाची शिट्टी, लाल खुर्ची आणि उडू नये म्हणून चिमट्याने धरलेला कागद.

मागच्या वर्षी त्यांचा उजवा खांदा काळानिळा राहू लागला. बंदुकीचा धक्का वय ओळखतो. पासष्ट ओलांडलेली बाई वाऱ्यात उभी राहिली की कधी कधी दोन पावलं मागे जाई. त्यांच्या एकुलत्या मुलाचं टाइल्सचं दुकान आहे, माणूस प्रेमळ. तो एका संध्याकाळी माझ्यासमोरच म्हणाला, "आई, मी बोललेलो ना तुला, आता पुरे. पडलीस तर?"

"परलेली बगितलंस का कदी?"

"बघायचं नाहीये म्हणून तर बोलतोय. चल, क्लबची स्पर्धा आहे ना? पंचवीसपैकी पंधरा फोड, मी गप्प बसतो. एक कमी झाली तर बंदूक जमा."

"बरा," मालकीणबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या. रात्रभर मात्र त्यांच्या खोलीतून कूस बदलल्याचे आवाज येत होते. झोप माझीही हलकी झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी वारा असा गरगरत होता की मैदानाचं लाल निशाण काठीला गुंडाळून बसलं. प्रत्येक चकतीला एकच काडतूस. चोवीस झाल्या तेव्हा माझ्या कागदावर चौदा बरोबरच्या खुणा होत्या. मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता. शेवटच्या चकतीला मालकीणबाईंनी बंदूक खांद्याला लावली आणि बराच वेळ हाकच दिली नाही. झोत येऊन गेला, दुसरा आला, गेला. मग "ये, ये" ऐकू आलं. चकती उडाली, मध्येच उचलली गेली आणि बार झाला. चकती थरथरली, तिच्यातून नारिंगी धूर निघाला आणि ती तशीच झुडपांमागे उतरली.

नियम सरळ आहे. चकतीचा निदान एक तुकडा तरी डोळ्यांना दिसला पाहिजे. नुसत्या धुराला गुण नाही.

"लागली," मागून मुलगा म्हणाला. मी बरोबरची खूण केली.

मालकीणबाई कानातला कापूस काढत आल्या आणि कागदावर वाकल्या. "काय लिवलंस?"

"लागली, मावशी."

"तुकरा दिसला तुला?"

"धूर दिसला."

"धूर मना पन दिसला. मी तुकरा ईचारते."

मुलगा म्हणाला, "आई, जाऊ दे ना. अट मी घातलेली, मीच सोडतो."

"अट तुजी, चकती माजी." मग माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्यात पयला शिकलेला तू. यासाठी शिकलास?"

मी खूण खोडली, शून्य लिहिलं आणि नियमाप्रमाणे शेजारी सही केली. सही होईपर्यंत त्या उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "चुकली." अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

ठाण्यात बंदुकांचं एक दुकान आहे, तिथे दुनळी ठेवायला दिली. मुलगा तिथवर "राहू दे ना गं" म्हणत आला होता, पण उपयोग नव्हता. आता महिन्यातून एकदा मी मालकीणबाईंना तिथे नेतो. स्वतःच्या तेलाची बाटली आणि जुन्या साडीचा मऊ तुकडा घेऊन त्या काउंटरवर बसतात आणि नळीपासून खांद्याला टेकणाऱ्या लाकडी कुंद्यापर्यंत बंदूक पुसतात. दुकानदार चालवून घेतो. बाकीचे रविवार माझे मोकळे असतात. उशिरापर्यंत झोपायचं असं दर शनिवारी ठरवतो आणि सहाला जागा होऊन पडून राहतो.

या महिन्यात त्यांचा गुडघा सुजला म्हणून मला एकट्याला पाठवलं. दुकानदाराने दोन मिनिटांत नळीला तेल लावून बंदूक आत ठेवली. परत आलो तर त्यांनी पलंगावरूनच विचारलं, "कुंदा पुसला?"

"नाही मावशी. नुसती नळी."

त्या भिंतीकडे कुशीवर वळल्या.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी पुन्हा ठाण्याला गेलो. दुकानदाराने बंदूक बाहेर काढली आणि मला विचारलं, "साहेब, आता कुणी वापरणार आहे का ही?"

"नाही," मी म्हटलं, "पण कुंदा पुसायचा राहिलाय."