पहिली चिठ्ठी सभ्य असते

दिवसभर परक्यांची थकलेली बिलं वाचली की किस्से साचतातच. तीस वर्षं रिपोर्टरगिरी करून मी आता रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या एका अनुवाद-ऑफिसात बसतो. आठ वर्षं हॉलंडात राहून आलेली शालूदीदी मेश्राम डच वसुलीपत्रांचं इंग्रजी करते, मी ते तपासतो. भिंतीवर मालकाची पाटी : ‘अर्जंट कामाला दुप्पट दर.’ आणि आमचा पगार? तीन महिने थकलेला! दीदीच्या पोरीची कॉलेज-फी सोमवारपर्यंत भरायची होती.

*

डच माणूस आधी ‘हेरिनरिंग’ पाठवतो, म्हणजे आठवण. ‘बहुधा आपल्या नजरेतून सुटलं असावं…’

मी भडकलो. “पैसे बुडवणाऱ्याला एवढी अदब?” इंग्रजीत ठोकलं, ‘ताबडतोब पैसे भरा!’

दीदीने खोडलं. “भाऊ, ही पहिली चिठ्ठी हाय. डोळे वटारायचे ते तिसरीत.”

तिसरी काढली. कोर्टाची धमकी, आणि खाली ‘मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह’!

*

पत्रातल्या ‘ड्यूरवार्डर’ला मी आमच्या गुढियारी मोहल्ल्यातला वसुलीवाला समजलो आणि तसंच लिहिलं. दीदी म्हणाली, “तो कोर्टाचा माणूस. बेल वाजवते, ओळखपत्र दाखवते.”

“आमच्याकडचे तर गाडीच उचलून नेतात!”

“म्हणून तुमी काहीही लिहान काय?”

*

एकदा एका डच म्हातारीचं उत्तर आलं. नवरा गेला, कागद तोच सांभाळायचा. गॅसचं बिल हप्त्यांनी घ्याल का? मी दोन करुण वाक्यं घुसवली.

दीदीने दोन्ही काढली. “तिनं भीक नाही मागितली, भाऊ. मुदत मागितली.”

मी पेनचं टोपण लावलं.

*

शुक्रवारी दीदीने मालकाला पगार विचारला.

“हव दीदी, हो जाएगा. टेंशन काहे?”

मी बाह्या सरसावल्या. “लेबर कोर्टात खेचतो याला!”

“थांबा न. काहून भांडून राहिले? आधी पहिली चिठ्ठी.”

तिने अस्सल डचमध्ये ‘हेरिनरिंग’ लिहिली, मालकाच्या टेबलावर ठेवली. मालकाला डच येत नाही. डच कागद दिसला की तो न बघता अनुवादाला धाडतो. यावरही ‘अर्जंट’चा शिक्का मारून दीदीकडेच पाठवला!

तिने इंग्रजी केलं. मी तपासलं, स्वल्पविरामही हलवला नाही.

मालक उभ्यानेच वाचू लागला. “तीन महीने से पेमेंट नहीं! बेटी की फीस अटकी है! कैसे-कैसे लोग हैं, भैया!” मग नजर वर गेली. ज्याला चिठ्ठी लिहिली होती, ते नाव त्याचंच होतं.

बराच वेळ तो खाली बसला नाही.

दीदीने हळूच दुसरा कागद पुढे सरकवला. अनुवादाचं बिल. अर्जंटचं.