एक किलो धूळ

गुढीपाडव्यानंतरचा पहिला रविवार, सकाळी साडेआठ. रक्कम रुपये एकशे एक. हजर: मी, माझी बायको आणि कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार, ज्यांना सगळी गल्ली भाई म्हणते. पैज धुळीवर लागली होती.

आमच्या शहरात होळी झाली की पश्चिमेचा वारा सुटतो आणि मृगापर्यंत धूळ घेऊनच येतो. त्या वर्षी समोरचा रस्ताही खोदून ठेवलेला. एक रिक्षा गेली की पाच मिनिटं फुफाटा हवेत. बायकोला दर उन्हाळ्यात या धुळीनं खोकला लागायचा. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर सोडायची. तिचं म्हणणं, पुढच्या खोलीच्या खिडकीला काच बसवा. माझं म्हणणं, संध्याकाळी घरात जो काही वारा येतो तो त्याच खिडकीतून, आणि धूळ तुला वाटते तेवढी नाही.

"वाटते?" ती म्हणाली. "झाडू तुमच्या हातात असता म्हणजे कळलं असतं. महिन्याला किलोभर धूळ काढते मी या एका खोलीतून."

माझी नोकरी हिशेब तपासण्याची. माझ्यासमोर 'किलोभर' असं मोघम बोलू नये. ठरलं असं: चार आठवडे या खोलीची धूळ वेगळी ठेवायची, चाळून केस-दोरे काढायचे आणि दर रविवारी भाईंच्या काट्यावर तोलायची. किलोच्या वर गेली तर खिडकीला काच, आणि एकशे एक रुपये तिला. कमी भरली तर एकशे एक मला आणि काचेचा विषय बंद.

"अहो, ती माझी मैद्याची चाळणी आहे!" पहिल्याच दिवशी ती ओरडली. पण खरं सांगतो, धूळ मैद्याहून बारीक होती.

पहिल्या रविवारी भरली दोनशे दहा ग्रॅम.

"माल तो एकदम बढिया है साहेब," भाई म्हणाले. "भाव काय लावू?"

दुसऱ्या आठवड्यात दोन वावटळी झाल्या, दोनशे पासष्ट. तिसऱ्यात रस्त्यावर खडीचे ट्रक आले, दोनशे ऐंशी. एकूण सातशे पंचावन्न. तोललेली धूळ मी पुरावा म्हणून तेलाच्या रिकाम्या डब्यात ठेवत होतो.

चौथ्या आठवड्यात दोनशे पंचेचाळीसच्या आत राहणं मला भाग होतं. सोमवारपासून मी रोज दोन बादल्या पाणी खिडकीसमोरच्या रस्त्यावर मारू लागलो. नळाला पाणी चौथ्या दिवशी येणार, आणि मी रस्त्यावर ओततोय.

"रस्त्याला आंघोळ घालताय का?" बायकोनं विचारलं.

"उन्हाचं बरं असतं," मी म्हणालो.

शनिवारी गंगापूरकडच्या शेतावरून सासरे एसटीनं आले. मी कचेरीतून परतलो तर डबा रिकामा, आणि ओट्यावर तीन छोट्या कुंड्या भरलेल्या, ओल्या.

"मामा, डब्यातली धूळ कुठं गेली?"

"धूळ? चाळलेली माती व्हती ती, जावईबापू. म्हटलं पोरीनं कुंड्यांसाठीच जमवली. मेथी टाकली. आम्ही धूळपेरणी करून आभाळाकडं बघत बसतो. इथं तर भरलेली बादली दारातच व्हती."

"आणि या आठवड्याची पुडी?"

"ती बी त्यातच. लई झ्याक माती हाय. वारा आमच्याकडूनच येतो म्हणा, आमच्याच शिवारातली असंल."

मी संधी सोडली नाही. बायकोला म्हणालो, "घे, माहेरची माती घरपोच आली. आता तक्रार कशाला?"

"माहेरची माणसं येऊ द्या," ती म्हणाली. "माती नको."

आम्ही तिघंही हसलो. हसता हसता तिला खोकला लागला आणि तो थांबेना. मामांनी उठून पाणी दिलं.

"ही कवापासून खोकती?" त्यांनी मला विचारलं.

"होळीपासून," मी म्हणालो. दिवस मला बरोबर ठाऊक होता.

रविवारी कुंड्या बघून भाईंनी हात जोडले. "भिजलेला माल मी तोलत नाही. साहेब, हिशेबवाले तुम्ही. तुम्हीच करा."

मी त्यांच्या दुकानातल्या कागदावर हिशेब मांडला. तीन आठवड्यांची सरासरी दोनशे एक्कावन्न पूर्णांक दोन तृतीयांश. गुणिले चार, एक हजार सहा आणि वर थोडे. रोजच्या दोन बादल्यांचं खरं कारणही मी तिथंच सांगून टाकलं.

"म्हणजे सात ग्रॅमपण नाही जास्त!" भाई म्हणाले. "एवढी तर माझ्या पारड्यावरच बसलेली असते."

"मग?" बायको म्हणाली. "पुन्हा चार आठवडे तोलायची?"

"नको," मी म्हणालो. "एक किलो सहा ग्रॅम. मी हरलो."

आठ दिवसांत सरकती काच बसली. संध्याकाळी वारा स्वच्छ असला की उघडतो. त्या उन्हाळ्यात मृगापर्यंत खोकल्याच्या औषधाची एकच बाटली आणखी लागली. आदल्या वर्षी चार लागल्या होत्या.

काचवाल्याला दिले सोळाशे चाळीस. बायकोला एकशे एक. त्यातले अकरा तिनं भाईंना तोलाई म्हणून दिले, आणि भाईंनी ते मोजून घेतले. मामांना मेथीची भाजी.