काकूंनी चोराला पाहिलं होतं

संक्रांतीचं हळदीकुंकू मी लंडनमधल्या पिनरच्या घरात केलं आणि अक्कल अशी, की सगळ्या बायकांच्या बूट-चपला दाराबाहेर काढायला लावल्या. कडाक्याच्या थंडीत दारात वीसेक जोड आणि आत जरीच्या साड्या! घरात सोनं आहे हे रस्त्याला ओरडून सांगायचं काय बाकी होतं? चौथ्या दिवशी घरफोडी झाली. आईनं दिलेल्या पाटल्या गेल्या. मी दोन दिवस दिसेल त्याच्यावर डाफरत होते.

समोरच्या घरात एका खोलीत राहणाऱ्या काकूंनी चोराला पाहिलं होतं. काकू नागपूरच्या, आमच्या रस्त्यावर चार घरी पोळ्या करायच्या. "लाल टोपी होती गं, डावा पाय जरा ओढत चालत होता," त्या मला म्हणाल्या. झालं! पोलीस आला तेव्हा काकू माझ्याच किचनमध्ये कणीक मळत होत्या. मी त्याला चहा-तिळगूळ दिला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्या काकूंनी बघितलंय त्याला. थांबा, बोलावते."

काकू पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. त्यानं त्यांचा नाव-पत्ता विचारला, मी फडाफडा सांगून टाकला. त्यानं लिहून घेतला. काकू खाली बघून म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही."

"अहो काकू, काल तर सांगत होतात!" मी त्याच्यासमोरच भडकले. आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तो गुरुवारी परत येतो म्हणून गेला. काकूंनी हात धुतले आणि शांतपणे सांगितलं, "माझा व्हिसा कधीच संपलाय."

मला वाटलं होतं, त्यांचं सगळं रीतसर असेल. कधी विचारलंच नव्हतं.

"अहो, पण हे चोर पकडणारे. इमिग्रेशनवाले वेगळे!"

"असतील. मागच्या महिन्यात मिठाईच्या दुकानात धाड पडली, तेव्हा इमिग्रेशनवाल्यांबरोबर पोलिसांची गाडी होती. मी कुणाला कसं ओळखायचं?"

मी उगाच पोलिसाचा चहाचा कप विसळायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात फॉइलमध्ये गुंडाळलेल्या वीस पोळ्या होत्या आणि वर आमच्या घराची किल्ली. समोरची खोली रिकामी. कुणी म्हणालं कॉव्हेंट्रीला गेल्या, कुणी काही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मीच दिली होती.

मार्चमध्ये मागच्या दाराची काच परत फुटली. या वेळी कॅमेरा आणि नवऱ्याचा लॅपटॉप. मी फोन उचलला, तर नवरा म्हणाला, "आत्ता नको. पासपोर्ट क्रॉयडनला इमिग्रेशनच्या ऑफिसात पडलेत, व्हिसाचं उत्तर येऊ दे."

आमचे कागद चोख होते. काचेसारखे स्वच्छ! घाबरायचं काय कारण? तरी सगळ्यांशी भांडणारी मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मग लायब्ररीच्या हॉलमध्ये रहिवाशांची मीटिंग झाली. एक पोलीस अधिकारी उभा राहिला आणि म्हणाला, धाडी सुरू झाल्यापासून या भागातल्या चोऱ्या कमी झाल्यात. भला माणूस वाटला. खोटं बोलत होता असंही नाही, कागदावर कमीच असतील. कदाचित खरोखरच झाल्या असतील, मला काय ठाऊक? पण आदल्याच दिवशी बसस्टॉपवर मी लाल टोपीवाला, डावा पाय ओढत चालणारा माणूस पाहिला होता. तो तोच होता का? ते सांगू शकणारं एकच माणूस होतं.

"कुणाला काही सांगायचंय?" अधिकाऱ्यानं विचारलं. रस्त्यावरच्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाळ म्हणून माझीच ख्याती ना!

मी टाळ्या वाजवल्या.