तीन आकड्यांचा पत्ता

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राहुरीजवळच्या एका शेती संशोधन केंद्रात मी आकडेमोडीच्या कामावर होतो. फोरट्रान ही संगणकाची भाषा शिकून आलेला तिथला एकटाच, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. यंत्र होतं पुण्याला. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा एसटीनं न्यायचा आणि पंधरा दिवसांनी पाळी आली की उत्तर आणायचं. तरी रुबाब असा, जणू यंत्र माझ्याच खिशात.

काम होतं अकोले तालुक्यातल्या भाताच्या चाचणीचं. प्रत्येक उताऱ्याला, म्हणजे वाफ्यात निघालेल्या भाताच्या वजनाला, तीन आकड्यांचा पत्ता: आधी वाण, मग वाफा, मग वर्ष. दुसरा वाण केंद्राच्या मुख्य साहेबांचा लाडका. तिसरा एका शेती सहायकानं आपल्या डोंगरातून शोधून आणलेला. त्याच्यापायी तो चार वर्षं चिखलात राबला होता. पहिला येईल तो एकच वाण पुढं जायचा, बाकीचे बाद.

पहिल्या वर्षी तिसऱ्या वाणाचा दुसरा वाफा गुरांनी खाल्ला होता. कार्डावरची मोकळी जागा यंत्र शून्य समजायचं. म्हणून मी एक ओळ लिहिली: त्या वाणाच्या उरलेल्या वाफ्यांची सरासरी त्या जागी भर. फक्त पत्ता ‘३, २, १’ऐवजी ‘२, ३, १’ असा टाकला. यंत्रानं निमूटपणे सहायकाचं भात साहेबांच्या वाफ्यात ओतलं आणि सहायकाला शून्यावर ठेवलं. साहेबांचा वाण पहिला आला.

“यंत्राला कुणाची भीड नसते,” साहेब म्हणाले आणि अहवाल त्याच दिवशी रवाना केला. एरवी त्यांच्या टेबलावर रजेचा साधा अर्ज महिनाभर आंबायचा.

सहायक यंत्राच्या कागदावरच्या शून्यावर बोट ठेवून मला म्हणाला, “भाऊसाहेब, गुरांनी खाल्ला त्यो वाफा यंत्रानं बी खाल्ला व्हय?”

मी ओळ पुन्हा वाचली आणि उलटे पडलेले आकडे दिसले. तसाच साहेबांकडे गेलो. ते चष्मा पुसत म्हणाले, “अहवाल तर गेला. आता चुकलं कोण म्हणायचं, यंत्र की तुम्ही?” माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. बाहेर येऊन मी सहायकाला सांगितलं, यंत्राचं बरोबर आहे. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही, आणि तरी वाक्य कसं सरळ तोंडातून आलं.

दिवाळीच्या सुमारास तो पिशवीभर तांदूळ घेऊन दारात उभा राहिला. “बियान्याला ठिवल्यालं भात कांडून आनलं. आता पेरायचं न्हाई, तर म्हनलं तुमी तरी खावा. आमच्यासाठी लई डोकं घातलं तुमी.”

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी पिशवी घेतली.